निद्रानाश आणि निद्रारंभीचे हिसके : एक स्वानुभव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नांदगाव खंडेश्वर येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा असा प्रश्न पडला. शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती, विवाहातील अवाढव्य खर्च हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय होत, आणि त्यांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आज सकाळपासून बोलले आहेत. आम्ही आयुष्यभर शाळेत मराठी व भूगोल शिकविला. वैद्यकाशी आमचा संबंध आला तो केवळ रोगी या नात्याने. तथापि ज्या दुखण्याने आमची तीन वर्षे खाल्ली आणि जे आम्ही आप्तेष्टांपासून चोरून ठेवले, त्याविषयी मोकळेपणाने बोलावे, कदाचित एखाद्याच्या उपयोगी पडेल, अशा हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे निद्रानाश, आणि झोप लागता लागता अंगास बसणारे हिसके.

आपल्याकडे म्हण आहे, ‘भुकेला कोंडा नि निजेला धोंडा.’ खरी भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली म्हणजे उशाला धोंडाही चालतो. आमच्या घरी ईश्वरकृपेने कापसाची गादी होती, उशी होती, डोक्यावर पंखा होता. नव्हती ती फक्त झोप.

सन २०१४ ची गोष्ट. त्या साली पाऊस उशिरा आला व लवकर गेला. आमच्या सहा एकरांत सोयाबीनने लावलेला खर्चही दिला नाही. सोसायटीचे कर्ज थकलेले, थोरल्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले, आणि आमची निवृत्ती जवळ येत चाललेली. दिवाळीनंतर आम्हांस रात्री दोनच्या सुमारास जाग येऊ लागली. प्रथम आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. वय झाले म्हणजे झोप कमी होतेच, अशी स्वतःची समजूत घातली. पण पुढे दोनची जाग बाराची झाली आणि शेवटी शेवटी तर तीन वाजेपर्यंत डोळाच लागेना. यवतमाळच्या रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारींचे आवाज आम्ही मोजीत असू. शेजाऱ्याचा कोंबडा आरवला म्हणजे आपली रात्र हरली असे समजून उठून बसावे, आणि वर्गात जाऊन चाळीस मुलांसमोर फळ्याकडे तोंड करून जांभई द्यावी, असा आमचा क्रम झाला.

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. काही महिन्यांनी दुसरेच संकट उभे राहिले. डोळ्यांवर झापड येऊन शुद्ध हरपू लागावी, तोच अंधारात पायरी चुकून खाली पडावे असा भास होई, पाय ताडकन उडे, सर्व अंग दचके आणि छातीत धडधड सुरू होई. पुन्हा अर्ध्या तासाने झापड येई, पुन्हा तोच हिसका. कधी हात उडे, कधी मान झटका देई, कधी कानात दार आपटल्यासारखा आवाज होऊन जाग येई. कित्येक रात्री असे पंधरा-वीस वेळा होई. झोप दाराशी येऊन उभी राही आणि आमचेच शरीर तिला लाथ मारून हाकलून देई. काही दिवसांनी आम्ही हिसका बसण्यापूर्वीच त्याची वाट पाहू लागलो, आणि सूर्य मावळू लागला की आता रात्र येणार या विचारानेच घशाला कोरड पडू लागली.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे वात. परंतु एके दिवशी एका नातलगाने हळूच कानात सांगितले, ‘‘काकाजी, ही मिरगी तर नव्हे? जपून राहा, कोणाला बोलू नका.’’ त्या एका शब्दाने आमची उरलीसुरली झोप उडाली. स्वतःच्या प्रकृतीची भीती होतीच. पण तिच्याहून मोठी भीती होती ती मुलीच्या लग्नाची. ‘यांच्या घराण्यात मिरगी आहे’ असे एकदा चार घरी झाले, की मुलीला कोण पत्करील? आपल्या समाजात चौकश्या कशा होतात हे आपणांस ठाऊक आहे. आम्ही व आमच्या सौभाग्यवतींनी ठरविले की हे चार भिंतींबाहेर जाऊ द्यावयाचे नाही. औषधाला अमरावतीला गेलो तरी ‘डोळे तपासावयाला गेलो होतो’ असे सांगावे, येथपर्यंत मजल गेली.

सन २०१६ च्या उन्हाळ्यात एका स्थळाची मंडळी मुलीस पाहावयास आली. परतीची गाडी चुकली म्हणून त्यांचा मुक्काम आमच्याच घरी पडला. वऱ्हाडातील मे महिना. घरात निजणे अशक्य. सगळ्यांच्या बाजा अंगणात ओळीने टाकल्या. मुलाच्या वडिलांची बाज आमच्या शेजारी. आता आम्हांस झोप लागली आणि हिसका बसला, तर हे गृहस्थ पाहतील! म्हणून उकाड्याचे निमित्त करून आम्ही ओट्यावर जाऊन बसलो आणि रात्रभर पंखा हलवीत, डोळ्यांना पाणी लावीत जागे राहिलो. सकाळी मंडळी चहा घेऊन गेली. पुढे आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. ज्या गोष्टीसाठी आम्ही ती रात्र जाळली, ती त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही शेतावर गेलो असता आमचा वयोवृद्ध सालदार हरभऱ्याच्या जागलीची तयारी करीत होता. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी मचाणावर रात्र काढणे म्हणजे काय, हे या भागातील आपणां सर्वांस सांगावयास नको. आमचे सुकलेले तोंड पाहून त्याने विचारले, आणि का कोण जाणे, जे आप्तांना सांगितले नाही ते आम्ही त्याला सांगून टाकले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, जागलीवर बसलेल्या माणसाले झोप येत नसते. डुकरं आले नाही तरी तो डुकराचीच वाट पायते. मी मचाणावर जागल करतो, तुमी घरात बाजेवर जागल करता. खाली उतरा नं आता.’’

त्या अशिक्षित माणसाने आमच्या रोगाचे जे निदान केले, तेच पुढे अमरावतीच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी शास्त्रीय भाषेत सांगितले. निद्रा ही धरून आणता येत नाही. आपण तिच्यावर पहारा ठेवला की ती येत नाही. पहारा उठला की ती आपोआप येते. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे सर्व या पहाऱ्यावरून खाली कसे उतरावे, याचा तपशील होय.

प्रथम हिसक्यांविषयी. झोप लागण्याच्या क्षणी स्नायू एकाएकी आखडून बसणारा हा झटका रोग नसून एक सर्वसामान्य शरीरधर्म आहे. शंभरांतील साठ-सत्तर माणसांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा अनुभवास येतो. अमेरिकेतील डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८९० मध्ये झोपेच्या विकारांवर लिहिताना अशा धक्क्यांची नोंद केली होती, आणि १९५९ मध्ये इयान ऑस्वाल्ड या ब्रिटिश संशोधकाने ‘ब्रेन’ नामक नियतकालिकात केवळ याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. जागेपण राखणारी मेंदूतील यंत्रणा आपला कारभार निद्रेच्या यंत्रणेकडे सोपवीत असते. त्या देवघेवीच्या क्षणी एखादी चुकार आज्ञा स्नायूंकडे सुटते व हातपाय उडतात, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. बैल सोडताना गाडीला शेवटचा हिसका बसतो, तसेच काहीसे हे समजावे. अतिश्रम, जागरण, चिंता, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, तंबाखू आणि रात्री उशिरा केलेला जोराचा व्यायाम यांनी हे हिसके वाढतात. काही औषधांनीही वाढतात. विशेषतः मनाच्या उदासीनतेवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी. म्हणून आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव डॉक्टरांना सांगावे.

आमच्या बाबतीत काय घडत होते ते आता ध्यानात येईल. चिंतेने झोप गेली. झोप गेल्याने हिसके वाढले. हिसक्यांच्या भीतीने चिंता वाढली. मोटेचा बैल जसा त्याच वाटेने पुढे-मागे चालतो, तसे आम्ही तीन वर्षे चालत होतो.

मात्र प्रत्येक हिसका निरुपद्रवी असतो असे समजून स्वस्थ बसू नये, आणि मिरगी असल्यासही घाबरू नये; कारण आज तिच्यावर चांगले औषध आहे. भेद ओळखण्याच्या काही खुणा डॉक्टरांनी आम्हांस सांगितल्या. झोप लागतानाचा साधा हिसका एक-दोन वेळा बसतो आणि लगेच माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे, नंतर बराच वेळ भान नसणे, किंवा सकाळी उठल्यानंतर थोड्या वेळात हातांना झटके येऊन हातातील वस्तू पडणे, ही लक्षणे असल्यास विनाविलंब तज्ज्ञांकडे जावे. संध्याकाळी बसल्या-निजल्या पायांत अस्वस्थता येऊन ते हलविल्यावाचून चैन पडत नसेल, तर तो निराळा विकार असून पुष्कळदा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध असतो. रक्त कमी असलेल्या आपल्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणि जो मनुष्य मोठ्याने घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास अडतो व जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याने आपण ‘भरपूर झोपतो’ या भ्रमात राहू नये. आमची तपासणी होऊन मिरगी नाही असे निश्चित झाले, त्या दिवशी घरी येताना आम्ही बसमध्येच झोपलो व आमचे गाव मागे टाकून पुढे गेलो, हेही येथे कबूल करतो.

आपल्या पूर्वजांना या गोष्टी अगदीच अपरिचित नव्हत्या. चरकाने आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेस शरीराच्या तीन आधारस्तंभांत स्थान दिले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति निजणाऱ्यास आणि अति जागणाऱ्यास, दोघांसही योग साधत नाही असे सांगितले आहे. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक संपूर्ण समास लिहिला असून, दात खाणारे, बरळणारे, झोपेतून उठून भलतीकडेच चालू लागणारे अशा निजलेल्या माणसांचे मोठे मजेदार चित्र काढले आहे. निजलेल्याच्या शरीराच्या या गमती समर्थांनी हसत हसत सांगितल्या. आम्ही मात्र त्या लाजेने झाकून ठेवल्या.

आता निद्रानाशाविषयी. एखादी रात्र झोप न येणे म्हणजे निद्रानाश नव्हे. आठवड्यातून निदान तीन रात्री, आणि असे तीन महिने चालले, म्हणजे तो जुनाट समजतात. प्रौढांपैकी सुमारे दहांत एकास हा विकार असतो. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये याची मीमांसा फार सोपी करून मांडली. निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची : मूळ स्वभावातील, प्रसंगाने आलेली, आणि त्यास टिकवून धरणारी. आमचा स्वभाव चिंताळू, हे पहिले. नापिकी, कर्ज व लग्न, हे दुसरे. आणि तिसरे काय? तर झोप येत नाही म्हणून आम्ही रात्री नऊलाच अंथरुणावर पडत होतो, सकाळी उठवत नाही म्हणून लोळत होतो, दुपारी दोन तास आडवे होत होतो, दिवसभर चहा पीत होतो आणि रात्री दर घटकेला घड्याळ पाहत होतो. म्हणजे ज्या ज्या गोष्टी आम्ही उपाय म्हणून करीत होतो, त्याच रोगाला खतपाणी घालीत होत्या! नापिकीचे वर्ष गेले, कर्जाचे हप्ते पडले, तरी झोप परतली नाही, याचे कारण हे तिसरे.

उपचारही यावरूनच निघतो. गोळ्यांऐवजी सवयी व विचार बदलून झोप परत आणण्याची ही पद्धती असून, ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर प्रथम हाच उपचार करावा अशी शिफारस केली आहे. आमच्या डॉक्टरांनी दोन आठवडे वही ठेवावयास सांगितली. केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलो, एवढेच लिहावयाचे. वहीवरून दिसले की आम्ही नऊ तास अंथरुणावर असतो व जेमतेम पाच तास झोपतो. तेव्हा त्यांनी आज्ञा केली : रात्री बारापूर्वी अंथरुणास पाठ लावावयाची नाही आणि पहाटे साडेपाचला, झोप झालेली असो वा नसो, उठावयाचे. दुपारची झोप बंद.

मंडळी, निद्रानाशाच्या रोग्याला ‘जागा राहा’ असे सांगणे हे आम्हांस थट्टेसारखे वाटले. पहिले दहा-बारा दिवस फार जड गेले. रात्री अकरा वाजता जेव्हा खरोखर पेंग येऊ लागली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणत, ‘‘अहो, निजा नं आता,’’ आणि आम्ही ओट्यावर बसून तांदूळ निवडीत असू. पण तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. बाराला पडलो आणि डोळे उघडले ते साडेपाचच्या गजराने. या पद्धतीचा हिशेब असा की अंथरुणावरील वेळापैकी शेकडा ८५ ते ९० भाग झोपेत जाऊ लागला, म्हणजे दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवीत जावयाचे. असे करीत करीत आम्ही साडेदहापर्यंत आलो. मात्र हा प्रयोग मिरगीच्या रोग्याने, उन्मादाचे झटके येणाऱ्याने, अथवा ज्याला मोटार किंवा ट्रॅक्टर चालवावयाचा आहे त्याने आपल्या मनाने करू नये. आणि पाच तासांखाली तर कोणीच जाऊ नये.

दुसरा नियम रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला. अंथरूण हे निजण्यासाठी. हिशेब, वर्तमानपत्र, मोबाइल आणि चिंता यांसाठी नव्हे. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसरीकडे बसावे, मंद उजेडात काही साधे काम करावे आणि डोळे मिटू लागले म्हणजेच परत यावे. असे रात्रीतून पाच वेळा करावे लागले तरी करावे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे. यात मर्म असे की तळमळण्याची सवय अंथरुणाशी जडलेली असते. ती मोडून तेथे निद्रेची सवय जडवावयाची.

तिसरी गोष्ट चहाची. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व त्याने झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचे काम अडवून धरते. संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या चहातील कॅफीनपैकी सुमारे निम्मे रात्री दहालाही अंगात असते. आम्ही दुपारी दोननंतरचा चहा सोडला. पाहुण्यांचा रुसवा सोसला. खऱ्र्यातील तंबाखूही मेंदूला चेतविणारीच आहे, हे आपल्या तरुणांना सांगणे अवश्य आहे. दारूने झोप येते हा समज तर अर्धसत्य होय. ती डोळा लावते, पण उत्तररात्री झोप मोडते.

चौथी गोष्ट शवासन. योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, आणि आपल्या अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये लावलेल्या रोपट्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वृक्ष झाला. तेव्हा हा वारसा आपल्या अंगणातलाच आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या रोग्यांकडून शवासन करवून घेतले व त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. तो प्रयोग झोपेसाठी नव्हता; परंतु ताण सैल झाला म्हणजे शरीराचा कारभार किती बदलतो, हे त्यावरून कळते. आम्ही संध्याकाळी वीस मिनिटे शवासन करू लागलो. ‘झोप यावी’ म्हणून नव्हे, तर केवळ अंग सोडून देण्याचा अभ्यास म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. झोपेच्या आशेने केलेले शवासन म्हणजे पुन्हा मचाणावर चढणेच होय.

हिसक्यांचे आम्ही काय केले? काहीच केले नाही, आणि हाच उपाय ठरला. पूर्वी हिसका बसला की आम्ही दिवा लावीत होतो, नाडी पाहत होतो, घरच्यांना उठवीत होतो. आता हिसका बसला की ‘आला, गेला’ एवढेच मनात म्हणून कूस बदलावी, असा नेम केला. ज्या पाहुण्याला पाट मांडला जात नाही, तो फार दिवस येत नाही. झोप भरत गेली तसे हिसकेही पंधरांचे पाच व पाचांचे एक झाले.

गोळ्यांविषयी एक शब्द. आमच्या या उपचारापूर्वी एका ठिकाणी आम्हांस झोपेच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि पुढे त्या आम्ही आपल्या मनाने वर्षभर घेतल्या. प्रथम एका गोळीने झोप येई, मग दोनांनी, मग दोनांनीही येईना. अशा गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडतात; त्यांची सवय जडते हे मात्र विसरू नये. आणि जडली असल्यास त्या एकदम बंद करू नयेत. त्यानेही अपाय होतो. आमच्या डॉक्टरांनी त्या चार महिन्यांत थोड्या थोड्या कमी करून सोडविल्या.

सन २०१७ चा पावसाळा लागला तेव्हा आम्ही सहा-साडेसहा तास झोपू लागलो होतो. आजही वर्षातून आठ-दहा रात्री वाईट जातात. कालची रात्रही, या व्याख्यानाच्या धास्तीने, त्यांतलीच होती. फरक एवढाच की आता वाईट रात्र ही एकच रात्र असते.

बंधुभगिनींनो, हे आमचे पुराण येथे संपले. परंतु हा प्रश्न एकट्या आमचा नाही. रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला व गव्हाला पाणी देण्यात ज्यांची वर्षे गेली, जागलीत ज्यांचे हिवाळे गेले, घरातील शेवटचे भांडे घासून जी माउली सर्वांमागून निजते व सर्वांआधी उठते, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की पुष्कळदा निद्रानाश हा मनाच्या खोल उदासीनतेचा पहिला निरोप असतो. या वऱ्हाडाने किती कर्ते पुरुष अकाली गमावले, हे येथे पुन्हा सांगून आम्ही कोणाची जखम उघडी करू इच्छीत नाही. पण घरातील माणूस आठवडेच्या आठवडे रात्री जागा असेल, बोलेनासा झाला असेल, जेवणावरून उठत असेल, तर ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ बसा, ‘‘मनात काय चाललंय? जीव नकोसा वाटतो का?’’ असे सरळ विचारा. विचारल्याने वाईट होत नाही. न विचारल्याने झाले आहे.

मदत मिळाली तर लोक ती घेतात, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालविला. गावातल्या गावात शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत. त्याचा वृत्तांत २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. उदासीनतेने ग्रस्त असलेल्यांपैकी आधी शेकडा ४.३ जणच कोणाकडे उपचारार्थ जात होते; उपक्रमानंतर ते प्रमाण शेकडा २७.२ झाले. माणसे तीच, गावे तीच. कोणीतरी दार वाजविले, एवढेच नवे घडले होते. ज्यास प्रत्यक्ष जाणे जमत नाही त्याच्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. मराठीतून बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही.

शेवटी मंडळाच्या चालकांस व आपणां सर्वांस एक विनंती. आमच्या मुलीचे लग्न पुढे झाले, ते असे. दुसऱ्या एका स्थळाची मंडळी आली तेव्हा आम्ही पुन्हा लपविण्याच्या विचारात होतो. पण आमच्या सौभाग्यवतींनी धीर करून मुलाच्या आईला सर्व सांगून टाकले. ‘‘आमच्या यांना झोप येत नाही, आणि आली तर अंग दचकतं. डॉक्टर म्हणतात मिरगी नाही. पण उद्या कळून तुम्हांला वाईट वाटू नये, म्हणून आज सांगते.’’ त्या माउली हसल्या व म्हणाल्या, ‘‘अवो बाई, यांची लाथ तर मी तीस वर्षं खाते. मले वाटलं, आमच्याच घरी हाय!’’ त्या दोघी अर्धा तास हसत होत्या, आणि त्या हसण्यात सोयरीक पक्की झाली.

आपल्या वधूवर-परिचयाच्या कार्यात शिक्षण, नोकरी, शेती यांची चौकशी जरूर करावी. परंतु मनाचे व झोपेचे दुखणे म्हणजे घराण्यास लागलेला कलंक, अशा कुजबुजीला आपल्या समाजाने थारा देऊ नये. आम्ही तीन वर्षे दुखणे सोसले. त्यांपैकी निदान दोन वर्षे केवळ ते लपविण्याची होती. आम्ही पहिल्याच हिवाळ्यात बोललो असतो, तर तेव्हाच बरे झालो असतो. पुढील वर्षी मंडळाने एखाद्या मनोविकारतज्ज्ञांस या व्यासपीठावर बोलवावे, अशी सूचना आम्ही नम्रपणे मांडतो.

आमचे बोलणे लांबले. दुपारचे जेवण झालेले आहे, मांडवात वारा गार आहे, आणि मागच्या रांगेत दोन-तीन ज्येष्ठ मंडळींच्या माना डुलताना आम्हांस दिसत आहेत. एरवी वक्त्यास याचा राग यावा. परंतु आजच्या विषयाचे वक्तृत्व याहून अधिक सफल ते काय व्हावयाचे? त्यांना कोणी उठवू नये. खंडेश्वर आपणां सर्वांस सुखाची निद्रा आणि निश्चिंत जाग देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.